अलाबामाचं भांडण आणि बाहेरचे वकील

१९७० साली नील यंगने अमेरिकेच्या दक्षिणेतल्या गोऱ्या माणसाला उद्देशून एक संतापलेलं गाणं लिहिलं, ‘सदर्न मॅन’. दोन वर्षांनी थेट राज्याचं नाव घेऊन दुसरं लिहिलं, ‘अलाबामा’. १९७४ मध्ये लिनर्ड स्किनर्ड नावाच्या बँडने त्याला उत्तर दिलं, ‘स्वीट होम अलाबामा’. हे गाणं तुम्ही ऐकलेलं आहे, नाव माहीत नसलं तरी. लग्नात, फुटबॉलच्या मैदानावर, बारमध्ये ते पन्नास वर्षं वाजतंय.

आता या भांडणातली माणसं बघा. नील यंग कॅनडाचा. स्किनर्ड फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलचे. त्या गाण्याचे लेखक तीन: रॉनी व्हॅन झँट आणि गॅरी रॉसिंग्टन जॅक्सनव्हिलचे, तर एड किंग कॅलिफोर्नियाचा. म्हणजे अलाबामाच्या अब्रूवरून खटला, पण फिर्यादी बाहेरचा आणि वकीलही बाहेरचे. खुद्द अलाबामाचा माणूस कोर्टात हजरच नाही.

तो हजर झाला सप्टेंबर २००१ मध्ये. ड्राइव्ह-बाय ट्रकर्स या बँडचा ‘सदर्न रॉक ऑपेरा’ हा अल्बम आला तेव्हा. दोन सीडी, वीस गाणी, दीड तास. आमच्या श्रोत्यांपैकी अनेकांना सदर्न रॉक म्हणजे मोठी दाढी, मोठा पिकअप ट्रक आणि त्याच्या मागे फडकणारा झेंडा असं वाटतं, आणि ते सगळंच चूक नाही. म्हणूनच या अल्बमबद्दल सविस्तर लिहायचं आहे. ज्या मातीवर प्रेम आहे तिची लाजही वाटते, अशा वेळी माणसाने काय गावं, हा त्याचा प्रश्न आहे. उत्तर त्याला पूर्ण सापडलेलं नाही. कुठे सापडलं आणि कुठे हुकलं, ते पाहू.

कुठली पोरं

पॅटरसन हूड आणि माइक कूली हे दोघे उत्तर अलाबामातल्या शोल्स भागातले. टेनेसी नदीकाठची ही छोटी गावं: फ्लॉरेन्स, शेफील्ड, टस्कंबिया, मसल शोल्स. नकाशावर शोधावी लागतील, पण संगीताच्या इतिहासात ही जागा फार मोठी आहे. अरीथा फ्रँकलिन, विल्सन पिकेट यांची गाणी इथे ध्वनिमुद्रित झाली. मागे वाजवणारी पोरं गोरी, स्थानिक. त्यांतला बास वाजवणारा डेव्हिड हूड हा पॅटरसनचा बाप. स्टेपल सिंगर्सच्या ‘आय विल टेक यू देअर’मधला तो प्रसिद्ध बास त्याचाच. ‘स्वीट होम अलाबामा’त ज्या स्वॅम्पर्सचा उल्लेख येतो, ते हेच लोक. स्किनर्डने सुरुवातीची काही गाणी याच मंडळींच्या मसल शोल्स साउंड स्टुडिओत केली होती.

म्हणजे पॅटरसनच्या घरात दोन अलाबामा होते. एक, बातम्यांमधलं: पोलिसांचे कुत्रे, बाँब, गव्हर्नर जॉर्ज वॉलेस. दुसरं, बाप रोज कामाला जायचा त्या खोलीतलं, जिथे काळे गायक आणि गोरे वादक मिळून गाणी बनवत होते. हे दुसरं अलाबामा बाहेर कोणाला ठाऊक नव्हतं, आणि पहिलं नाकारता येत नव्हतं. अल्बमचं बीज इथे आहे.

हूड आणि कूली ऐंशीच्या दशकापासून एकत्र वाजवत होते. ड्राइव्ह-बाय ट्रकर्स हा बँड त्यांनी १९९६ मध्ये जॉर्जियातल्या अथेन्समध्ये सुरू केला. ‘सदर्न रॉक ऑपेरा’ हा त्यांचा तिसरा स्टुडिओ अल्बम. पैसा नव्हता, म्हणून चाहत्यांकडून व्याजाने कर्ज घेतलं. ध्वनिमुद्रण बर्मिंगहॅममध्ये, गणवेश विकणाऱ्या एका दुकानाच्या माडीवर, एसीशिवाय, सप्टेंबरच्या उकाड्यात. तो उकाडा ऐकू येतो. तीन गिटारी एकमेकींच्या अंगावर पडतात, आवाज कडेला फाटतो, हूडचा गळा घोगरा होतो. सफाई हवी असेल तर हा अल्बम तुमच्यासाठी नाही.

तीन देव

रचना अशी. पहिल्या भागात सत्तरच्या दशकातल्या अलाबामात वाढणारा एक मुलगा. दुसऱ्या भागात तो एका रॉक बँडमध्ये आहे आणि त्या बँडची गोष्ट हळूहळू लिनर्ड स्किनर्डच्या गोष्टीत मिसळते. शेवट विमान अपघातात. २० ऑक्टोबर १९७७ रोजी स्किनर्डचं भाड्याचं विमान साउथ कॅरोलायनातल्या ग्रीनव्हिलहून लुइझियानातल्या बॅटन रूजला निघालं, वाटेत इंधन संपलं आणि ते मिसिसिपीतल्या जंगलात कोसळलं. रॉनी व्हॅन झँट, गिटार वाजवणारा स्टीव्ह गेन्स, त्याची बहीण आणि बँडमधली गायिका कॅसी गेन्स, एक व्यवस्थापक आणि दोन्ही वैमानिक असे सहा जण गेले. तीनच दिवसांपूर्वी त्यांचा नवा अल्बम बाजारात आला होता आणि त्याच्या मुखपृष्ठावर बँड ज्वाळांमध्ये उभा होता.

ऑपेरा म्हटलं तरी सलग कथानक शोधू नका, मिळणार नाही. मोठं कुटुंब जेवणानंतर ओट्यावर बसून जुन्या गोष्टी सांगतं, एकाची मध्येच तुटते, दुसऱ्याची सुरू होते, तसा हा अल्बम चालतो.

पहिल्या भागाच्या मध्यावर ‘द थ्री ग्रेट अलाबामा आयकॉन्स’ येतं. हे गाणं नाहीच. गिटार मागे घुमत राहते आणि हूड बोलतो. अलाबामाचे तीन देव कोण? रॉनी व्हॅन झँट, फुटबॉल प्रशिक्षक बेअर ब्रायंट आणि जॉर्ज वॉलेस. हूड सांगतो की लहानपणी त्याला यांतलं काहीच आवडत नव्हतं. फुटबॉल जमत नव्हता, स्किनर्ड गावच्या दांडगट पोरांचं संगीत वाटायचं. दक्षिण सोडून बाहेर पडल्यावर त्याला कळलं की आपण पाहिलेली दक्षिण आणि बाहेरच्यांच्या डोक्यातली दक्षिण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मग त्याने स्किनर्ड नव्याने ऐकलं.

घर सोडल्यावर घराचं संगीत ऐकू येणं ही गोष्ट आपल्यापैकी कोणाला समजावून सांगायला नको. पुण्यात असताना ज्यांनी लावणीला नाक मुरडलं, ते न्यू जर्सीत डोळे मिटून ऐकताना दिसतात. पण हूड इथे थांबत नाही, आणि म्हणून तो गोड आठवणींच्या दुकानदारांपेक्षा वेगळा आहे. तो वॉलेसकडे वळतो.

वॉलेसची गोष्ट थोडक्यात अशी. १९५८ मध्ये तो गव्हर्नरपदासाठी पक्षांतर्गत निवडणुकीला उभा राहिला तेव्हा वंशाच्या प्रश्नावर त्या काळाच्या मानाने मवाळ होता. काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपीचा त्याला पाठिंबा होता. समोरच्याला क्लॅनचा. वॉलेस हरला आणि धडा शिकला. पुढच्या वेळी कडवा वंशभेदवादी होऊन आला आणि जिंकला. १९६३ मध्ये वर्णभेद कायम ठेवण्याची शपथ त्याने जाहीर भाषणात घेतली आणि त्याच वर्षी काळ्या विद्यार्थ्यांना अडवायला विद्यापीठाच्या दारात जाऊन उभा राहिला. १९७२ मध्ये गोळी लागली, कमरेखाली अपंग झाला. पुढे जाहीर माफी मागितली. १९८२ मध्ये पुन्हा गव्हर्नर झाला तेव्हा त्याला काळ्या मतदारांनीही मोठ्या संख्येने मतं दिली. १९९८ मध्ये वारला.

अशा माणसाचं काय करायचं? पश्चात्ताप खरा मानायचा का? पुढच्याच गाण्यात, ‘वॉलेस’मध्ये, हूड एक जुनी लोककथेतली युक्ती वापरतो: गाणं सैतानाच्या तोंडी घालतो. सैतान स्वतः दक्षिणेतला, अगत्यशील. पाहुणा येतोय म्हणून घर आवरतोय. आणि न्याय काय होतो ऐका. वॉलेस नरकात जातो तो मनातल्या द्वेषासाठी नाही. द्वेष खरा होता की खोटा याने काही फरक पडत नाही, मतांसाठी त्याने तो पेटवला एवढं पुरे. कदाचित मनात द्वेष नव्हता म्हणूनच पाप मोठं, कारण त्याला कळत होतं.

वंशद्वेषावर लिहिलेल्या शेकडो गाण्यांत द्वेष हा रोगासारखा येतो, अडाणी माणसाला जडलेला. इथे तो सुशिक्षित वकिलाने थंड डोक्याने केलेला हिशोब आहे. तीन-साडेतीन मिनिटांत, नाचता येईल अशा ठेक्यावर. माझ्या मते अल्बमची खरी उंची इथे आहे. कुठल्याही भाषेतला, कुठल्याही पक्षाचा मतदार हे गाणं ऐकून आपल्या ओळखीचा एक चेहरा सहज डोळ्यांपुढे आणू शकतो.

झाकली मूठ

आता जिथे अल्बम हुकतो ते गाणं: ‘द सदर्न थिंग’. हेतू स्पष्ट आहे. दक्षिणेचा अभिमान आणि दक्षिणेची शरम ही दोन्ही एकाच अंगात राहतात, हे त्याला म्हणायचं आहे. पण हे सांगताना हूड आपल्या पूर्वजाला साक्षीला बोलावतो. पणजोबांचा बाप शायलोच्या लढाईत जखमी झाला, आमच्या घराण्यात मळे नव्हते, गुलामगिरीवर त्याचा विश्वास नव्हता, तो घरासाठी लढला.

ही साक्ष खरी असू शकते. दक्षिणेतले बहुसंख्य गोरे सैनिक मळेवाले नव्हते, हे इतिहासाला धरून आहे. तरीही गाणं इथे लंगडं पडतं, कारण प्रश्न आजोबांच्या मनाचा नव्हताच. ज्या सैन्यात तो लढला ते गुलामगिरी टिकवण्यासाठी उभं राहिलेलं होतं. वॉलेसला ‘मनात काय होतं ते सोड, केलंस काय ते सांग’ म्हणणारा हूड स्वतःच्या पूर्वजाला मात्र मनातल्या भावनेवर सोडून देतो. आपला तो बाब्या.

व्हायचं तेच झालं. मैफलींमध्ये हे गाणं सुरू झालं की काही प्रेक्षक कॉन्फेडरेट झेंडे फडकवू लागले. दुहेरीपणाबद्दलच्या गाण्यातलं एकच अंग त्यांनी उचललं. बँडने ते गाणं वाजवणं बंद केलं. २०१५ मध्ये चार्ल्स्टनच्या चर्चमध्ये नऊ काळ्या माणसांची हत्या झाल्यानंतर हूडने ‘न्यू यॉर्क टाइम्स मॅगझिन’मध्ये त्या झेंड्याविरुद्ध लेख लिहिला. २०१६ च्या ‘अमेरिकन बँड’ या अल्बममध्ये मग आडपडदा राहिला नाही: पोलिसांच्या गोळ्या, झेंडा, सगळं नाव घेऊन आलं. चाहत्यांचा एक गट दुरावला.

प्रेक्षकांनी चुकीचं ऐकलं, असं म्हणून इथे सुटता येईल. मला ते पटत नाही. ‘वॉलेस’ कोणी चुकीचं ऐकलं नाही. ‘द सदर्न थिंग’मध्ये निसटायला फट होती, म्हणून लोक तिथून निसटले.

ही फट आपल्याही ओळखीची आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिअ‍ॅटल शहराने भेदभावविरोधी कायद्यात ‘जात’ हा शब्द घातला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने तसंच विधेयक मंजूर केलं आणि ऑक्टोबरमध्ये गव्हर्नरने ते फेटाळलं. त्या महिन्यांत मराठी घरांच्या दिवाणखान्यांत काय बोललं गेलं ते आठवा. ‘आमच्या घरात कधी जात पाळली नाही.’ ‘माझ्या आजोबांच्या पंक्तीला सगळे बसायचे.’ ‘इथल्या लोकांना आपल्याबद्दल काय कळतं?’ यांतलं प्रत्येक वाक्य खरं असू शकतं. तरी ते उत्तर होत नाही, कारण प्रश्न आजोबांच्या पंक्तीचा नव्हता. कामाच्या ठिकाणी, भाड्याच्या घरात, आज कोणाला काय सोसावं लागतं, हा होता. परदेशात आपण सगळेच घराचे वकील होतो. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि परक्यांसमोर तर दोन लाखांची. स्किनर्ड अलाबामाची वकिली का करत होते, ते अशा वेळी नीट कळतं.

नील यंगचं पुढे काय झालं, हेही पाहण्यासारखं आहे. २०१२ मधल्या आत्मचरित्रात त्याने ‘अलाबामा’ या आपल्याच गाण्याबद्दल नापसंती लिहिली: शब्द दोषारोप करणारे, वरून खाली पाहणारे होते, स्किनर्डचा टोला आपल्याला योग्यच बसला, अशा अर्थाचं. आणि रॉनी व्हॅन झँट नील यंगचं चित्र असलेला टीशर्ट घालून स्टेजवर जायचा. लोकांना वैर वाटत होतं, तिथे परस्परांबद्दल आदर होता. ‘रॉनी अँड नील’ हे हूडचं गाणं याच नात्यावर आहे. ते सुरू होतं बर्मिंगहॅमच्या चर्चमधल्या १९६३ च्या बाँबने आणि त्यात मेलेल्या चार काळ्या मुलींनी. हा क्रम महत्त्वाचा आहे. दोन गायकांच्या मैत्रीची गोष्ट सांगण्याआधी हूड भांडणाचं कारण टेबलावर ठेवतो.

कोण नाही

तरी एक प्रश्न उरतो. वीस गाण्यांच्या, वंशद्वेषाच्या सावलीत घडणाऱ्या या अल्बममध्ये काळा माणूस बोलत कधी नाही. तो मरतो, मत देतो, मसल शोल्सला येऊन गाऊन जातो. विल्सन पिकेट आणि अरीथा यांची नावं येतात, पण पाहुण्यांसारखी. अलाबामात जन्मलेला, तिथेच राहिलेला, त्या मातीवर हक्काने प्रेम करणारा काळा माणूस इथे पात्र म्हणून नाही. अलाबामाचे ‘तीन देव’ निवडताना हूडला मोबाइलचा हँक एरन दिसला नाही, टस्कीगीच्या रोझा पार्क्स दिसल्या नाहीत. तो ज्या घरांत वाढला तिथल्या भिंतींवर कोणाची चित्रं होती, हे तो सांगतोय, हे मान्य. पण मग या यादीला गोऱ्या अलाबामाचे देव म्हणायला हवं होतं. ‘दक्षिण’ हा शब्द एकट्या गोऱ्यांचा नाही, आणि अल्बमला हे कळतं तरी तो तसं बोलत नाही.

बायकांचंही तेच. त्या दिसतात त्या गाडीच्या काचेतून, पोरांच्या नजरेने.

इथे माइक कूलीची गाणी कामाला येतात. हूड समजावतो, कूली दाखवतो. ‘झिप सिटी’ घ्या. झिप सिटी हे खरंच लॉडरडेल काउंटीतलं एक खेडं आहे. एक पोरगा गाडी हाणत तिथे एका मुलीला भेटायला जातो. तिचा बाप चर्चमधला मोठा माणूस. पोराचा हेतू चांगला नाही, त्याला ते ठाऊक आहे, आणि तो लपवत नाही. इतिहास नाही, वॉलेस नाही, झेंडा नाही. तरी त्या पाच मिनिटांत लहान गावातला सगळा कोंडमारा आहे: धर्म, अब्रू, पेट्रोलचा खर्च, आणि इथून बाहेर पडायची न बोललेली इच्छा. कूलीचा आवाज सपाट, थोडा कंटाळलेला, कंट्री गायकांसारखा शब्द दातांत धरणारा. या अल्बममधलं सर्वांत चांगलं गीतलेखन कोणतं असं विचाराल, तर मी ‘वॉलेस’च्याही आधी ‘झिप सिटी’चं नाव घेईन.

विमान

दुसरा भाग ‘लेट देअर बी रॉक’ने सुरू होतो. किशोरवयात कोणकोणते बँड पाहिले त्यांची जवळजवळ यादीच. स्किनर्डला पाहायचं राहून गेलं ही रुखरुख तिच्यात आहे. पहिल्या भागातल्या राजकारणानंतर हे मोकळं हसू आवश्यक आहे. मधली एक-दोन गाणी भरतीची वाटतात, डबल अल्बमला तेवढी सूट द्यावी. मग शेवटची तीन गाणी सलग ऐका, मध्ये उठू नका. ‘शट अप अँड गेट ऑन द प्लेन’मध्ये कूली दटावतो: मरण यायचं तर कुठेही येईल, चढ विमानात. ‘ग्रीनव्हिल टू बॅटन रूज’मध्ये विमान उडतं. ‘एंजल्स अँड फ्युसलाज’मध्ये ते खाली येत असतं.

हे शेवटचं गाणं आठेक मिनिटांचं आहे आणि या अल्बममधलं सर्वांत संथ. इंजिनं बंद पडल्यावरची शांतता. निवेदक घाबरलेला आहे, आणि आता त्याच्याकडे दक्षिणेबद्दल, अभिमानाबद्दल, नील यंगबद्दल काही मत उरलेलं नाही. झाडं जवळ येतायत एवढंच. दीड तास वाद घातल्यानंतर अल्बम वाद जिंकत नाही. पहिल्याच ट्रॅकमध्ये, ‘डेज ऑफ ग्रॅज्युएशन’मध्ये, एका गाडीच्या अपघातात पोरं मेलेली असतात आणि गाडीतल्या स्टिरिओवर स्किनर्ड वाजत असतं. शेवटच्या ट्रॅकमध्ये स्किनर्डच मरतंय. मधल्या अठरा गाण्यांत ही पोरं आणि त्यांचे देव एकाच मापाचे होऊन गेलेले असतात.

या अल्बमनंतर लगेच जेसन इसबेल बँडमध्ये आला आणि २००३ मध्ये ‘डेकोरेशन डे’ आला. कारागिरी म्हणून तो अधिक नेटका आहे. २०२४ मध्ये ‘सदर्न रॉक ऑपेरा’ची वाढीव आवृत्ती निघाली आणि बँड तो अल्बम घेऊन पुन्हा दौऱ्यावर गेला. नव्याने ऐकायचा असेल तर माझा क्रम असा: आधी ‘स्वीट होम अलाबामा’, मग ‘रॉनी अँड नील’, मग ‘आयकॉन्स’ आणि ‘वॉलेस’ सलग, मग ‘झिप सिटी’. एवढं पचलं तर पूर्ण अल्बम पहिल्यापासून लावा. ‘द सदर्न थिंग’ गाळू नका. ते ऐकताना हूडचा पूर्वज आणि तुमचा पूर्वज यांना शेजारी बसवा, आणि दोघांनाही सैतानाने वॉलेसला विचारला तोच प्रश्न विचारून बघा.